बोटं पुसण्याची खूण

आमच्या घरात पाठ फिरवून बोलणं ही शिवी समजली जाते. दार आपटा, भांडी आदळा, आईला पत्ताही लागत नाही. पण तिच्याकडे पाठ करून ओठ हलवलेत की संपलंच. आई जन्मापासून बहिरी. बाबाही तसेच होते. दोघांच्या पोटी मी एकटी ऐकणारी निघाले, म्हणून वयाच्या चौथ्या वर्षी दुभाष्याचं काम गळ्यात पडलं ते आजपर्यंत सुटलेलं नाही. आई हातांनी बोलते, ओठ वाचते. परक्यांचे निम्मे कळतात, माझे सगळे.

हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी मी नेमकं तेच केलं.

आई बाइंडिंगच्या कारखान्यात काम करते. कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक लांबलचक हॉल, चार टेबलं, एक कटिंग मशीन, एक दाबयंत्र आणि चौदा माणसं. चौदाही जण बहिरे. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, शिवायचं, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. कुणाला हाक मारायची तर दिव्याचं बटण दोनदा दाबायचं नाहीतर जमिनीवर पाय आपटायचा. एवढ्या हातांच्या बडबडीत आणि आपटाआपटीत मी लहानाची मोठी झाले. घडीच्या टेबलाची प्रमुख आई. बासष्ट वर्षांची आहे, पण तिच्या घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीखाली कागदाची घडी अजून केसाइतकीही वाकडी पडत नाही.

हॉल एका संस्थेच्या मालकीचा. करार महिनाअखेर संपत होता, आणि संस्थेला ती जागा दुसऱ्या कशालातरी हवी आहे अशी कुणकुण लागली होती. चौदा जणांना वेगवेगळ्या ठिकाणी काम लावून देऊ, असं कुणीतरी म्हणालं होतं. वेगवेगळ्या ठिकाणी म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर एकही माणूस आपल्याशी बोलणार नाही अशा ठिकाणी. बाबांनी तशी तीन वर्षं काढली होती. घरी यायचे तेव्हा हात इतके आखडलेले असायचे की पहिला तासभर त्यांच्याकडून एक वाक्य धड निघायचं नाही.

म्हणून त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. संस्थेचे नवे अध्यक्ष स्वतः येणार होते. संस्था खुणांच्या भाषेचा कोश करत होती, ही कल्पना अध्यक्षांचीच, आणि आईच्या खुणा जुन्या आणि स्वच्छ म्हणून कॅमेऱ्यासमोर आई. चित्रीकरण संपलं की तिथेच, सगळ्यांसमोर, पुढच्या पाच वर्षांच्या करारावर सही. कोशवाल्या बाईंनी मला फोनवर तसं सांगितलं होतं. वर म्हणाल्या, "फक्त सगळं सुरळीत होऊ द्या हं."

मी सकाळी लवकरच पोचले. दारात सरसमामा. हे आईचे भाऊ नव्हेत, खळ-सरस त्यांच्याकडे म्हणून सगळ्यांचेच सरसमामा. अजून खळ शिजायची होती, मामा नुकतेच हात धुऊन आले होते, ओलेच हात घेऊन त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. "साहेबीण आली," अशी खूण केली. मी हसले, पर्समधली सॅनिटायझरची छोटी बाटली काढून तळव्यावर दोन थेंब घेतले, चोळले आणि कॅमेरा कुठे लावणार ते बघायला आत गेले. ऑफिसची सवय. दिवसातून दहा वेळा करते.

आईला म्हटलं, "आज काम बंद ठेवू या का? टेबलं आवरून, सगळ्यांनी नीट बसून..."

"नाही," आई म्हणाली. "मागे एकदा बंद ठेवलं होतं. आता नाही."

अध्यक्ष वेळेवर आले. पंचावन्नच्या आसपासचे, हळू बोलणारे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. माणूस वाईट वाटत नव्हता. आल्या आल्या प्रत्येक टेबलापाशी जाऊन हात मिळवायला लागले. मी मागून धावले, पण तोवर उशीर झाला होता. सरसमामांचा हात मनगटापर्यंत खळीत. त्यांनी तो तसाच पुढे केला, अध्यक्षांनीही तसाच घेतला. पुढच्या तिघांचीही तीच गत. शेवटच्या टेबलापर्यंत अध्यक्षांच्या उजव्या हाताला खळीचा थरच बसला होता. मी "पाणी देऊ का?" विचारलं.

"छे, छे. असू दे," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. उजवा हात मात्र त्यांनी गुडघ्याच्या जरा बाहेर, अधांतरी धरला. शर्टाला लागू नये म्हणून. तेरा माणसं काम करता करता त्या हाताकडे बघत होती. का बघतायत ते अध्यक्षांना कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं.

चित्रीकरण सुरू झालं. आई पांढऱ्या पडद्यासमोर उभी, मी तिच्या शेजारी तिरकी, म्हणजे आईलाही माझा चेहरा दिसेल आणि कॅमेऱ्यालाही. कॅमेऱ्याशेजारी अध्यक्ष, मांडीवर कराराची फाईल. कॅमेरावाल्याने कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही लावून दिला होता, काय टिपलं जातंय ते कामगारांनाही दिसावं म्हणून. कोशवाल्या बाई यादीतला शब्द वाचायच्या, मी तो आईला सांगायचा, आई खूण करणार, मग तिचा अर्थ आणि उगम ती सांगणार, तो मी बोलून दाखवायचा. बाईंच्या तक्त्यात दोन रकाने होते. अर्थ. उगम. रकाना रिकामा राहिला की बाईंना झोप लागत नसावी.

बाजार झाला. न्याय झाला. शेजारी झाला. शेजाऱ्याच्या खुणेचा उगम सांगताना आईने अशी काही नक्कल केली की कॅमेरावाल्याचा कॅमेरा हलला. अध्यक्षसुद्धा मनापासून हसले. मला वाटलं, निभावलं.

मग बाईंनी चष्मा सारखा केला. "पुढचा शब्द. उच्चभ्रू."

हा शब्द यादीत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"हा गमतीचा आहे," बाई अध्यक्षांना सांगायला लागल्या. "उच्च म्हणजे वर, भ्रू म्हणजे भुवई. भुवया वर चढवून जगाकडे बघणारे मूठभर लोक. थोरामोठ्यांना आपल्याकडे कितीतरी शब्द आहेत, बडी धेंडं म्हणा, प्रतिष्ठित म्हणा, अभिजन म्हणा. पण त्यात कौतुक तरी असतं नाहीतर राग तरी. इथे नुसता चेहरा आहे. मला खात्री आहे, यांच्या खुणेतही भुवईच असणार."

भुवई नव्हती. ती खूण मला उच्चभ्रू हा शब्द कळायच्या कितीतरी आधीपासून येत होती. नवा सोफा घेऊन त्यावरचं प्लॅस्टिक न काढणाऱ्या आत्यासाठी आई ती वापरायची. शाळेच्या मुख्याध्यापिकेसाठी वापरायची. मी एकदा वर्गात बाईंना उद्देशून केली होती आणि कुणालाच कळली नाही म्हणून वाचले होते. आणि तिचा उगमही मला पाठ होता. आमच्याकडे तो दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी सांगायचंच.

मी आईला सांगितलं. शब्द अर्धवटच सांगितला, गोल गोल, "पैसेवाले" असा काहीसा. आईने मान हलवली, मला नीट म्हणायला लावलं. मग तिला कळलं. तिच्या डोळ्यांत चमक आली आणि तिने खूण केली. हनुवटी किंचित वर. डाव्या चिमटीत न दिसणारा रुमाल. आणि उजव्या हाताचं एकेक बोट, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, सावकाश पुसलं.

कॅमेऱ्यामागे तेराही जण जोरजोरात माना डोलवायला लागले. हीच, हीच.

"वा!" बाई म्हणाल्या. "भुवई नाहीच की! उगम? उगम विचारा."

"हो, विचाराच," अध्यक्ष पुढे झुकले. "मलाही ऐकायचंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विचारायची गरजच नव्हती, आईने बाईंचे ओठ वाचले होते. ती सांगायला लागली.

चाळीस वर्षांपूर्वी, आई बावीस वर्षांची असताना, संस्थेचे तेव्हाचे मोठे साहेब हा हॉल बघायला आले होते. येणार म्हणून आदल्या दिवसापासून काम बंद. देखरेखीच्या बाईंनी सगळ्यांना नळावर रांगेत उभं करून साबणाने हात धुवायला लावले. एकदा, दोनदा, तीनदा. मग नखं तपासली. साहेब आले, प्रत्येकाशी हात मिळवला, आई सांगते की हात मऊ होता आणि साहेब गोड हसले होते. मग ते जिना उतरून खाली गेले. गाडीपाशी थांबले. खिशातून रुमाल काढला आणि उजव्या हाताचं एकेक बोट पुसलं. सावकाश. मग तो रुमाल ड्रायव्हरकडे दिला, टाकून द्यायला. वर खिडकीत सगळे उभे होते. "आम्हाला ऐकू येत नाही," आई म्हणाली, "म्हणजे दिसतही नसेल असं त्याला वाटलं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ती नक्कल केली. आठवडाभरात तो शब्द झाला होता. गावभरच्या बहिऱ्यांत पसरला. आता तर ज्यांनी हा हॉल कधी पाहिला नाही अशी तरुण मुलंही तो वापरतात.

ते मोठे साहेब म्हणजे आत्ता समोर बसलेल्या अध्यक्षांचे वडील. आईला हे माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. कोशवाल्या बाईंना नव्हतं, आणि ही गोष्ट आपल्या वडिलांची आहे हे अध्यक्षांना नव्हतं.

आईचे हात थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. अध्यक्षांच्या मांडीवर फाईल होती, आणि मला बाबांचे आखडलेले हात दिसत होते. मी दोन पावलं पुढे गेले. आईकडे पूर्ण पाठ केली. आणि बोलले, "जुन्या काळी श्रीमंत लोक बोटांत अंगठ्या घालायचे ना, त्या चकाकाव्यात म्हणून रुमालाने पुसत बसायचे. त्यावरून आलीय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ऐकणाऱ्यांना हे फार सोपं असतं.

"किती सुंदर," बाई लिहायला लागल्या.

"छानच आहे," अध्यक्ष म्हणाले. "निरीक्षण बघा ना यांचं. मला वाटतं, आता सही करून टाकू. बाकीचे शब्द होतच राहतील." त्यांनी फाईल उघडली, डाव्या हाताने पेनाचं टोपण काढलं आणि पेन उजव्या हातात घेतलं. खळीने ते बोटांना चिकटलं.

आणि मग मला जाणवलं की खोली गप्प होत चाललीय. आधी कटिंग मशीन थांबलं. मग दाबयंत्राची करकर. मग ब्रश. एकेक आवाज बंद पडत गेला, आणि ते आम्हा ऐकणाऱ्या चौघांशिवाय कुणालाही ऐकू येत नव्हतं. मी वर बघितलं. समोरच्या टीव्हीवर माझाच चेहरा होता, भिंतीएवढा. ओठ मिटलेले. अर्ध्या मिनिटापूर्वी ते तिथेच, तेवढेच मोठे, हलत होते. पाठ करायची एवढी अक्कल मला होती. पाठ केली म्हणजे तोंड कॅमेऱ्याकडे जातं, एवढी नव्हती.

मी वळले. आई माझ्याकडे बघत होती. तिने हनुवटी किंचित वर केली, आणि माझ्याकडे बघत उजव्या हाताचं एकेक बोट पुसलं. पाचही.

मग तिने डोळे मिटून घेतले.

ऐकणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगून कळणार नाही. तुम्ही भांडताना कान झाकलेत तरी आवाज थोडा आत जातोच. आईने डोळे मिटले की तिच्यापर्यंत पोचायला वाटच उरत नाही. बाबांशी तिने आयुष्यात दोनदा असं केलं होतं. माझ्याशी कधीच नाही. मी तिच्यासमोर हात हलवत राहिले, "आई, ऐक, आई," आणि ती उभी होती, डोळे मिटून, हात खाली सोडून.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का त्यांना?" अध्यक्ष म्हणाले. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं. दोन सेकंद. मी गप्प राहिले असते तर दोन सेकंदांत पाच वर्षं पक्की झाली असती. आईने रुसून महिनाभर डोळे मिटले असते तरी तिचं टेबल शाबूत राहिलं असतं. हे मी तेव्हा खरंच मोजलं. खोटं कशाला सांगू.

"थांबा," मी म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं. आई ते म्हणाली नव्हती."

आणि मी सगळं सांगितलं. काम बंद ठेवल्यापासून ड्रायव्हरकडे दिलेल्या रुमालापर्यंत. कुणाचे वडील तेही. कोशवाल्या बाईंचं पेन हवेतच राहिलं. कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केला नाही, त्याला सुचलंच नसावं.

अध्यक्षांनी पेन कागदावरून उचललं. मग म्हणाले, "माझे वडील तसे नव्हते." थोड्या वेळाने, "त्यांच्या हाताला खळ लागली असेल. आज माझ्या लागलीय तशी. कुणीही पुसेल की हो. यावरून एखाद्या माणसाचा शब्द करून टाकायचा?"

हे आईपर्यंत पोचवायला हवं होतं. मी तिचा हात धरला, तळवा उघडला आणि लहानपणी अंधारात बोलायचो तसं तिच्या तळव्यावर बोटाने लिहिलं. खरं सांगितलं. मग लिहिलं, ते विचारतायत, खळ होती का.

आईने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, अध्यक्षांकडे बघून ती बोलली. मी तिच्याकडे तोंड करून, तिला माझे ओठ दिसतील असं उभं राहून, एकेक शब्द बोलत गेले.

"खळ नव्हती. काम दोन दिवस बंद होतं. आम्ही तीन वेळा साबणाने हात धुतले होते. आयुष्यात माझे हात तेवढे स्वच्छ पुन्हा कधी झाले नाहीत."

अध्यक्षांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. खळ वाळून पांढरी पडायला लागली होती.

"कोशात वडिलांचं नाव येणार?" त्यांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आई म्हणाली, "नाव आम्हाला नकोच होतं. नाव ठेवलं असतं तर एकट्याचं राहिलं असतं. तसा तो एकटा नव्हता."

हेही मी जसंच्या तसं बोलले.

त्यांनी पुन्हा पेन टेकवलं. करारातल्या पाचावर रेघ मारली, वर एक लिहिला आणि सही केली. हात उचलला तर कागदही उचलला गेला, बोटांना चिकटून. कुणी हसलं नाही. त्यांनी तो डाव्या हाताने सोडवला, टेबलावर ठेवला, "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले आणि उठले. दारापर्यंत मी गेले. जिन्यावर त्यांचा उजवा हात अजून अंगापासून लांब होता.

मी परत आले तर सगळे खिडकीशी. चाळीस वर्षांपूर्वी ज्या उभ्या होत्या त्यांतल्या तीनच जणी उरल्यात, बाकीचे नंतरचे, पण खिडकी तीच आणि गाडी उभी राहायची जागाही तीच. आई तेवढी टेबलाशी बसून घडी घालत होती. हाडाची पट्टी कागदावरून सरकत होती.

मी तिच्यासमोर जाऊन पाय आपटला. "ये ना. बघ."

"मला नाही बघायचं," ती म्हणाली. "तू बघ, आणि मला सांग." जरा थांबून तिने जोडलं, "जे दिसेल ते."

मी खिडकीशी गेले. सरसमामांनी मला जागा करून दिली. अध्यक्ष गाडीपाशी पोचले होते. ड्रायव्हरने दार उघडलं. ते बसले नाहीत. डावा हात खिशात गेला, रुमाल बाहेर आला. त्यांनी वर बघितलं नाही. अंगठ्यापासून सुरुवात केली. खळ वाळलेली, निघेना, घासून घासून काढावी लागली. करंगळीपर्यंत. मग रुमाल घडी करून परत खिशात ठेवला आणि गाडीत बसले.

आईला नाही म्हणून सांगावं असं फार वाटलं. ते तसेच गेले म्हणून. एक वर्ष का होईना, तिने जरा सुखात काढलं असतं. मी तिच्यासमोर येऊन बसले.

"हात पुसला," मी म्हणाले. "पाचही बोटं."

आईने मान डोलावली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. "आज खळ होती," ती म्हणाली. "खळ लागल्यावर कुणीही पुसेल. त्याला तो शब्द लागू होत नाही."

तिने पुढचा कागद घेतला, कोपऱ्याला कोपरा जुळवला, पट्टी फिरवली. मग पट्टी खाली ठेवली आणि दोन्ही हात मोकळे केले.

"सकाळी मामांनी तुझे हात धरले होते," ती म्हणाली. "तेव्हा खळ शिजली होती का?"

मागे सरसमामा खळीचं भांडं उचलून परत आपल्या टेबलाकडे निघाले होते. त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.